सापडलेल्या गाडीला लगेच रंग लावू नका

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या अमेरिकी मोटारींच्या लिलावांवर आलेला लेख मी आवडीने वाचला. अनेक वर्षे बंदिस्त जागेत पडून राहिलेली १९६८ सालची हिरवी फोर्ड मस्टँग फ्लोरिडातील लिलावात कोट्यवधी रुपयांना विकली गेली, ही त्यातली माहिती बरोबर आहे. परंतु हा सगळा त्या कुटुंबाच्या नशिबाचा भाग होता आणि गाडी आधी ‘नव्यासारखी’ करून घेतली असती तर आणखी पैसे आले असते, असा जो सूर लेखात उमटला आहे तो मला पटला नाही. वाहन उद्योगात सारी नोकरी केलेला माणूस म्हणून मला असे सांगावेसे वाटते की, त्या गाडीला ती किंमत आली ती गाडी होती तशी राहिल्यामुळे आणि तिचे कागद तिच्याबरोबर राहिल्यामुळे. हे नीट कळले नाही तर आपल्याकडे शेडमध्ये, पडवीत किंवा बंगल्यामागच्या पत्र्याखाली उभ्या असलेल्या जुन्या गाड्यांचे विनाकारण नुकसान होते, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

‘मसल कार’ हा प्रकार ज्या वाचकांच्या परिचयाचा नसेल त्यांच्यासाठी आधी थोडे सांगतो. मोठ्या गाडीचे भले थोरले इंजिन मध्यम आकाराच्या, दोन दारांच्या, तुलनेने स्वस्त गाडीत बसवायचे आणि ती नव्याने कमावत्या झालेल्या तरुणाला परवडेल अशा किमतीत विकायची, अशी ही कल्पना होती. १९६४ साली पाँटिअ‍ॅकने जीटीओ या नावाने ती बाजारात आणली आणि पुढची सहा-सात वर्षे अमेरिकेतल्या सगळ्या मोठ्या कंपन्या एकमेकींशी अश्वशक्तीची चढाओढ करीत राहिल्या. मी ज्या मस्टँगविषयी लिहीत आहे तिच्यात ३९० घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे व्ही-८ इंजिन होते आणि कंपनीने त्याची शक्ती ३२५ अश्वशक्ती सांगितली होती. आपल्या प्रीमियर पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे होते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ कळतो. हे युग फार टिकले नाही. विमा कंपन्यांनी अशा गाड्यांचे हप्ते वाढवले, १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यामुळे इंजिनांचे दाब कमी करावे लागले आणि १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखल्यावर एवढे पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांची हौस बहुतेकांना परवडेनाशी झाली. आज ज्या गाड्यांना काचेत ठेवतात त्या १९७४-७५ मध्ये अमेरिकेतल्या वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात साध्या जाहिरातींतून विकल्या जात होत्या. त्या कोठारांत आणि गॅरेजांत कशा पडून राहिल्या, याचे उत्तर बऱ्याच अंशी इथेच आहे. कोणी त्या खजिना म्हणून लपवल्या नव्हत्या. दुरुस्तीला पैसे नव्हते, विकून फारसे मिळणार नव्हते आणि मोडीत घालवायला जीव धजत नव्हता, म्हणून त्या राहिल्या.

आता त्या हिरव्या गाडीकडे येतो. ‘बुलिट’ या १९६८ च्या चित्रपटासाठी फोर्डच्या दोन मस्टँग घेण्यात आल्या होत्या. दोन्ही एकाच हिरव्या रंगाच्या, दोन्हींना तेच इंजिन आणि चार गिअरचा हाती खटका. चित्रीकरणाआधी मॅक्स बाल्चोव्स्की या जाणत्या कारागिराने दोन्हींचे सस्पेन्शन भक्कम करून दिले होते, कारण सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर त्या हवेत उडणार होत्या. त्यांचे चॅसी क्रमांक लागोपाठचे होते: एकीचा ८आर०२एस१२५५५८ आणि दुसरीचा शेवटी ५५९. हा क्रमांक वाचता येतो. पहिला आठ म्हणजे १९६८ हे वर्ष, आर म्हणजे कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील कारखाना, ०२ म्हणजे मागे उतरत गेलेल्या छपराची फास्टबॅक बॉडी, एस म्हणजे ३९० चे जीटी इंजिन आणि उरलेला भाग म्हणजे त्या कारखान्यातला अनुक्रम. पत्र्यावर ठोकलेल्या या अकरा अक्षरांवर पुढचा सगळा इतिहास उभा राहिला आहे, ही गोष्ट कृपया ध्यानात ठेवावी.

चित्रीकरण संपल्यावर ५५८ क्रमांकाच्या गाडीचा, जिच्यावर उड्यांचा सगळा मार बसला होता, माग सुटला. ५५९ क्रमांकाची गाडी चित्रपट कंपनीच्या एका कर्मचाऱ्याकडे, त्याच्याकडून न्यू जर्सीतील एका पोलिसाकडे आणि १९७४ साली मासिकातली छोटी जाहिरात पाहून एका मध्यमवर्गीय कुटुंबाकडे गेली. त्या कुटुंबाने तिला देव्हाऱ्यात बसवले नाही. घरातली बाई शिक्षिका होती आणि ती याच गाडीने शाळेत जात असे. चित्रपटाचा नायक, अभिनेता स्टीव्ह मॅकक्वीन याला गाडीचा पत्ता लागला आणि डिसेंबर १९७७ मध्ये त्याने मालकाला एक लहानसे पत्र पाठवले. गाडी मला परत हवी आहे, चित्रपटात वापरली तशाच स्थितीत मला ती ठेवायची आहे, तिचे नूतनीकरण करायचे नाही, आणि फार पैसे लागणार नसतील तर तुम्हाला तशीच दुसरी मस्टँग मिळवून देण्याचा प्रयत्न करीन, अशा अर्थाचे ते पत्र होते. मालकाने गाडी दिली नाही. पण त्या पत्रातला जो मुद्दा आहे तो माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा मुद्दा आहे. ज्या काळात जुनी गाडी म्हणजे नुसती जुनी गाडी होती, त्या काळात एका नटाला कळले होते की हिला रंग काढून नवी केली तर ती ‘ती’ गाडी राहणार नाही.

१९८० मध्ये क्लच निकामी झाला. तोवर ती सुमारे पासष्ट हजार मैल, म्हणजे लाखाहून अधिक किलोमीटर चालली होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मॅकक्वीनचे निधन झाले. गाडी उभी राहिली ती राहिलीच. कुटुंबाने घरे बदलली, राज्ये बदलली, शेवटी टेनेसीत स्थिरावले, आणि प्रत्येक वेळी ती गाडीही बरोबर गेली. याला केवळ योगायोग म्हणता येत नाही. बंद पडलेले अवजड धूड एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायला दर वेळी पैसे लागतात, जागा लागते आणि घरातल्या माणसांची संमती लागते. मालकाने आणि त्याच्या मुलाने मिळून ती चालती करायची ठरवले, काम थोडे सुरूही झाले, पण मालकाला कंपवाताच्या आजाराने गाठले आणि २०१४ मध्ये तो गेला. पुढे मुलाने फोर्ड कंपनीशी आणि ऐतिहासिक वाहनांची नोंद करणाऱ्या संस्थेशी संपर्क साधला आणि जानेवारी २०१८ मध्ये डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात, त्या चित्रपटाच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त काढलेल्या नव्या मस्टँगच्या शेजारी, ही जुनी गाडी जगापुढे आली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ती वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या विस्तीर्ण मैदानावर काचेच्या पेटीत ठेवण्यात आली होती.

तिथे लोकांनी काय पाहिले, हे आपल्या लेखात यायला हवे होते. रंग विटलेला, ठिकठिकाणी गंजाचे डाग, आतली सीटे झिजलेली, आणि गाडीच्या खालच्या बाजूला कॅमेरा बसवण्यासाठी वेल्डिंगने जोडलेले आधार तसेच्या तसे. कोणत्याही चांगल्या गॅरेजमधल्या माणसाला ही गाडी दाखवून ‘ठीकठाक कर’ म्हटले असते, तर त्याने सर्वांत आधी ते विनाकामाचे लोखंडी तुकडे कापून काढले असते, भोके बुजवली असती, पत्रा घासून पांढरा केला असता आणि पुट्टी, प्रायमर, रंग असा सगळा साज चढवला असता. काम उत्तम झाले असते. आणि त्या गाडीने चित्रपटात काम केल्याचा जो पुरावा तिच्या अंगावर होता, तो त्या एका महिन्यात भंगाराच्या पिंपात गेला असता. १० जानेवारी २०२० रोजी फ्लोरिडातील किसिमी येथे मेकम या संस्थेच्या लिलावात तिला ३४ लाख डॉलरची बोली लागली. लिलाव संस्थेचे शुल्क धरून ही रक्कम ३७ लाख ४० हजार डॉलर होते, तेव्हाच्या दराने सव्वीस कोटी रुपयांहून अधिक. घेणाऱ्याने पैसे मोजले ते त्या वेल्डिंगसाठी, त्या विटलेल्या रंगासाठी आणि त्या १९७७ च्या पत्रासाठी. नव्यासारखी चकचकीत, तशाच हिरव्या रंगाची, तेच इंजिन असलेली १९६८ ची मस्टँग अमेरिकेत याच्या अगदी लहानशा अंशात मिळते.

हे किती खरे आहे हे तिच्या जुळ्या बहिणीवरून दिसते. ५५८ क्रमांकाची गाडी २०१७ साली मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्निया भागात, भंगारात सापडली. तिच्यावर पांढरा रंग चढवलेला होता, इंजिन नव्हते, पत्रा खाल्लेला होता. ज्यांच्या हातात ती आली ते तिच्यापासून वेगळीच गाडी बनवण्याच्या विचारात होते. क्रमांक तपासून पाहण्याची बुद्धी झाली म्हणून ती ओळखली गेली. ती ओळख कोणी पटवली, तर केव्हिन मार्टी या गृहस्थांनी. फोर्डच्या १९६७ पासूनच्या उत्पादनाच्या नोंदी त्यांच्या संस्थेकडे आहेत, आणि कोणत्याही क्रमांकाची गाडी कोणत्या रंगात, कोणत्या इंजिनासह, कोणत्या विक्रेत्याकडे गेली हे त्या नोंदींवरून सांगता येते. कारखान्याने अर्धशतकापूर्वीच्या नोंदी फेकून दिल्या नाहीत, हा या कहाणीतला मला सर्वांत हेवा वाटणारा भाग आहे. कुर्ल्याच्या ज्या प्रीमियर कारखान्यात स्वातंत्र्याच्या सुमारास डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या क्रायस्लर या अमेरिकी कंपनीच्या गाड्या जोडल्या जात होत्या आणि ज्यातून पुढे पद्मिनी निघाली, त्या कारखान्याच्या गाडीबद्दल आज कोणी अशी चौकशी केली तर उत्तर कुठे मागायचे, हा प्रश्न मी माझ्या क्षेत्रातल्या मंडळींना अनेकदा विचारला आहे.

कागदांचे महत्त्व क्रायस्लरच्या मसल गाड्यांच्या बाबतीत आणखी ठळक आहे. त्यांच्या १९७० च्या गाड्यांत चॅसी क्रमांकातले पाचवे अक्षर इंजिन कोणते ते सांगते. तिथे ‘आर’ असेल तर गाडी ४२६ घनइंचांच्या हेमी इंजिनासह कारखान्यातून बाहेर पडली, असे समजायचे. हेमी गाड्या मोजक्या आणि मोलाच्या, त्यामुळे साध्या इंजिनाच्या गाडीत नंतर हेमी बसवून ती अस्सल म्हणून विकण्याचे उद्योग तिकडे खूप झाले. अस्सल गाडी ओळखायचा एक उपाय असा की, जोडणीच्या वेळी कामगारांच्या हाती असलेला कागद, ज्यावर त्या गाडीत काय काय बसवायचे याची यादी असे, तो बऱ्याचदा गाडीतच राहून जाई. मागच्या सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला, गालिच्याखाली दबलेला. उंदरांनी कुरतडलेला, तेलाचे डाग पडलेला तो चिटोरा आज लाखो रुपयांचा फरक करतो. मोठ्या हौसेने पहिल्याच दिवशी सीटे काढून कुशनवाल्याकडे पाठवणाऱ्याने तो कागद कचऱ्यात घालवलेला असतो आणि आपण काय घालवले हे त्याला कधीच कळत नाही.

अमेरिकेत हा विचार आता काही हौशी लोकांपुरता राहिलेला नाही. तिथे राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन नोंदवही आहे. तिच्यात घेतलेल्या गाडीची मोजमापे, छायाचित्रे आणि इतिहास लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जतन होतो, जसा जुन्या पुलांचा आणि इमारतींचा होतो. ‘बुलिट’ची मस्टँग त्या वहीत एकविसावी आहे. पहिली नोंद २०१४ मध्ये झाली ती सीएसएक्स २२८७ या क्रमांकाच्या शेल्बी डेटोना कूपे या शर्यतीच्या गाडीची. या जातीच्या अवघ्या सहा गाड्या बनल्या होत्या आणि त्यातली ही पहिली कित्येक दशके कॅलिफोर्नियातील एका भाड्याच्या साठवणखोलीत बंद होती. आज ती फिलाडेल्फियाच्या सिमियोन संग्रहालयात आहे आणि तिथे येणाऱ्याला शर्यतींतून आणि काळातून जशी आली तशीच पाहायला मिळते. हे संग्रहालय उभे करणारे डॉ. फ्रेड सिमियोन व्यवसायाने मेंदूचे शल्यचिकित्सक होते. एखाद्या जुन्या चित्रावर आपण नवा रंग फासत नाही, मग शर्यत जिंकलेल्या गाडीवर का फासतो, असा त्यांचा आग्रह होता आणि तो त्यांनी आपल्या संग्रहातून दाखवून दिला.

याचा अर्थ प्रत्येक जुनी गाडी गंजत ठेवावी, असे मला म्हणायचे नाही. जिची चौकटच गंजाने खाल्ली आहे, जिच्या फरशीतून रस्ता दिसतो, तिला जोडकाम करावेच लागते. ब्रेक, टायर, स्टिअरिंगचे सांधे, पेट्रोलच्या नळ्या यांत भावनेला जागा नाही, ती बदललीच पाहिजेत. त्या हिरव्या मस्टँगचेही यांत्रिक काम करून घेतले होते, आणि ती डेट्रॉइटच्या मंचावर स्वतःच्या इंजिनावर चालत आली. फरक इतकाच की जे झिजते ते बदलले आणि जे सांगते ते ठेवले. कोणते काय, हे ठरवायला वेळ लागतो, आणि सापडलेल्या गाडीच्या बाबतीत सर्वांत दुर्मीळ गोष्ट हीच असते: पहिल्या पंधरा दिवसांतला संयम.

तो संयम कसा ठेवावा याबद्दल माझ्या कामातून जे कळले ते इथे लिहितो, कारण गाडी मस्टँग असो की फिएट, यंत्राचे नियम सारखेच. गाडी हलवण्याआधी तिची आहे त्या जागी, आहे त्या धुळीसह सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. बॉनेटखालची चिकटपत्रके, काचेवरचे जुने कराचे कागद, चॅसीवर कारखान्यातल्या तपासनिसाने खडूने किंवा रंगाने केलेल्या खुणा, हे सगळे पाण्याच्या फवाऱ्याने क्षणात जाते, म्हणून सर्व्हिस स्टेशनवर नेऊन प्रेशरने धुण्याचा मोह आवरावा. डिकी, ग्लोव्ह बॉक्स, सीटखालची जागा हाताने तपासावी आणि सापडलेला प्रत्येक कागद, मग ती पेट्रोल पंपाची पावती का असेना, पिशवीत घालून ठेवावा.

नवी बॅटरी लावून सेल्फ मारण्याची घाई तर मुळीच करू नये. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने चिकटलेल्या असू शकतात आणि पहिल्याच झटक्यात रिंग तुटते किंवा सिलिंडरला ओरखडा पडतो. आधी प्लग काढून प्रत्येक भोकातून थोडे पातळ तेल सोडावे, काही दिवस मुरू द्यावे आणि मग पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने हळूहळू फिरते का ते पाहावे. फिरत नसेल तर जोर न करता पुन्हा तेल आणि पुन्हा वाट. टाकीतले जुने पेट्रोल व्हार्निशसारखे चिकट झालेले असते. ते तसेच ओढले गेले तर कार्बोरेटरची बारीक छिद्रे बुजतात, म्हणून टाकी रिकामी करून, साफ करून, नळ्या बदलून, बाहेरच्या डब्यातून ताजे पेट्रोल देऊन पहिली सुरुवात करावी. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते आणि त्यामुळे ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात. पेडल घट्ट लागले म्हणून ब्रेक चांगले आहेत असे समजणे जिवावर बेतू शकते. उंदरांनी वायरिंगची आवरणे खाल्लेली असतात, म्हणून बॅटरी जोडण्यापूर्वी सगळी वायर डोळ्यांखालून घालावी. जो भाग बदलावा लागेल तो जुना भाग फेकू नये, त्यावर चिठ्ठी लावून ठेवावा. आणि साठवणुकीबद्दल एवढेच की, कोकणात काय किंवा मावळात काय, पावसाळ्यात गाडीवर ताडपत्री घट्ट आवळून बांधली तर आत दमट हवा कोंडते आणि उघड्यावर राहिली असती तर गंजली असती त्याहून लवकर ती गंजते. मातीच्या जमिनीतून वर येणारा ओलावा अडवायला खाली जाड प्लॅस्टिक, गाडी ठोकळ्यांवर उचललेली आणि वरून हवा खेळेल असे सुती कापड, एवढी व्यवस्था पुरेशी होते.

माझ्या परिचयाच्या एका घरात १९६० च्या दशकातली फिएट अकराशे आजोबांच्या मागे कित्येक वर्षे उभी होती. नातवाच्या लग्नाच्या वरातीसाठी ती एका गॅरेजला दिली. आली ती मोत्यासारख्या पांढऱ्या रंगात, नव्या रेक्झिनची सीटे, अलॉय व्हील आणि नवा डॅशबोर्ड घेऊन. लग्नात सर्वांनी कौतुक केले, मीही केले, कारण तो दिवस आनंदाचा होता. पण आजोबांनी खास मागवलेला तो फिकट निळा रंग, त्यांच्या हाताने झिजलेले स्टिअरिंग आणि मूळ हुबकॅप गेल्या त्या गेल्याच, आणि मूळ इंजिन ‘सुटे भाग मिळत नाहीत’ म्हणून बदलले गेले. आरसी बुकावरचा इंजिन क्रमांक आणि गाडीतला क्रमांक आता जुळत नाही. या गोष्टीचा त्रास त्या कुटुंबाला आजही होत आहे.

त्रास होतो तो नुसता मनाला नाही, कायद्यातही होतो, आणि आपल्या वाचकांपैकी बहुतेकांना हे माहीत नसावे असे मला वाटते. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी मोटार वाहन नियमांत सुधारणा केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, जी मूळ स्वरूपात राखलेली आहे आणि जिच्या चॅसीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नाहीत, तिला विंटेज म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आणि पुढच्या नोंदणीचे पाच हजार. अशा गाडीच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही, पण प्रदर्शन, विंटेज रॅली, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती यांसाठी रस्त्यावर आणता येते. जुन्या गाड्या मोडीत काढण्याचे धोरण पुढे सरकत असताना जुन्या गाडीला मिळालेले हे मोठे संरक्षण आहे, आणि त्याची अट नेमकी तीच आहे जी मॅकक्वीनने १९७७ मध्ये पत्रात लिहिली होती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीच्या फिएट आणि अँबेसिडर गाड्या या अटीत बसू लागल्या आहेत, आणि पहिल्या पद्मिनीही आता त्याच उंबरठ्यावर आहेत. मुंबईत पद्मिनी टॅक्सींचा शेवट ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला, पण खासगी पद्मिनी गावोगावी उभ्या आहेत आणि त्यांचे मालक त्यांना एकतर भंगारवाल्याला देतात किंवा डेंटिंग-पेंटिंगला.

आपल्या वृत्तपत्राकडे माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली अशी की, जुनी गाडी सापडल्याची आणि विकल्याची बातमी छापताना किमतीबरोबर ती कोणत्या स्थितीत होती, तिच्यावरचे मूळ काय टिकले होते आणि तिची ओळख कोणत्या कागदांवर पटली, हेही छापावे. नुसती किंमत वाचली की लोक रंगाच्या डब्याकडे वळतात. दुसरी विनंती अशी की, राज्यातल्या वाचकांना त्यांच्या घरातल्या पन्नास वर्षांपूर्वीच्या वाहनांची, ट्रॅक्टर आणि मोटारसायकली धरून, आहे त्या स्थितीतली छायाचित्रे, मूळ आरसी बुकाची माहिती आणि ती गाडी घरात कशी आली याची हकीकत पाठवण्याचे आवाहन आपण करावे आणि त्यातल्या निवडक हकीकती महिन्यातून एकदा छापाव्यात. छायाचित्रांतून चॅसी आणि इंजिन क्रमांक ओळखायला आणि विंटेज नोंदणीचा अर्ज भरायला कोणाला मदत लागली, तर ती मी आणि माझे काही निवृत्त सहकारी विनामूल्य करू. आपल्या कार्यालयामार्फत आमच्यापर्यंत पत्रे पोहोचावीत, इतकी व्यवस्था मात्र आपण करून द्यावी.

कळावे,

आपला,
एक निवृत्त वाहन अभियंता
चिंचवड, पुणे